मुलानं ‘का?’ विचारलं तर: आज्ञा, कृपा आणि घरातली शिस्त

प्रश्न: आम्ही इंदूरचं मराठी ख्रिस्ती कुटुंब. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. भंवरकुआच्या कोचिंगमध्ये टेस्ट सिरीजसाठी दिलेले दोन हजार रुपये त्यानं भरलेच नाहीत. मित्रांबरोबर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत आणि मोबाइलवरच्या गेममध्ये उडवले, वर महिनाभर ‘भरले’ म्हणून सांगत राहिला. उघडकीला आल्यावर यांनी त्याला दोन थपडा दिल्या, ‘देवाची आज्ञा मोडलीस’ म्हणाले, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद केलंय. मी म्हटलं, प्रभूनं आपल्याला माफ केलं, तुम्हीही सोडून द्या. तर मुलगाच म्हणाला, ‘येशू माफ करतोच, पप्पांनाच जमत नाही.’ आता हे म्हणतात, या ईस्टरला त्याचं दृढीकरण, म्हणजे स्वतःचा विश्वास जाहीर करून प्रभूच्या मेजावर येण्याचा विधी, नको. कृपा शिकवली तर मुलं सैल सुटतात, आज्ञा शिकवल्या तर नियमांचा तोरा मिरवणारे परूशी होतात. मग आम्ही शिकवायचं काय?

उत्तर:

ताई, जय मसीह की.

तुमच्या घरात एक वाटणी झालेली दिसतेय. आज्ञा साहेबांकडे, कृपा तुमच्याकडे. मुलांना अशी वाटणी फार लवकर कळते. कोणत्या खिडकीवर काय मिळतं हे त्यांना पाठ असतं. म्हणून मुलाकडे वळण्याआधी या वाटणीबद्दल बोलते. ती पवित्र शास्त्रात नाही.

आमच्या संडे स्कूलमध्ये नवा वर्ग सुरू झाला की मी एक प्रश्न हमखास टाकते: दहा आज्ञा देताना देव पहिलं वाक्य काय बोलला? सगळे हात वर. ‘माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसावेत!’ आपल्या मुलांची घरी मराठी, चर्चमध्ये हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यामुळे उत्तर तीन भाषांत येतं आणि तिन्ही भाषांत चुकतं. मग निर्गमचा विसावा अध्याय उघडायला लावते. दुसऱ्या वचनावर बोट ठेवून वाचतात: ज्यानं तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुझा देव आहे. एखादं चुणचुणीत पोर लगेच म्हणतं, ‘पण आंटी, ही तर आज्ञाच नाही.’

नाहीच. म्हणून तर घरोघरी भिंतीवर लावलेल्या दहा आज्ञांच्या तक्त्यात ते वाक्य बहुतेक वेळा गाळलेलं असतं. उरतात दहा ओळी, आणि त्यातल्या बऱ्याच ‘नको’च्या. मूल त्या तक्त्याखाली वाढतं आणि समजतं, देव म्हणजे घरातला आणखी एक मोठा माणूस, नको-नको म्हणणारा.

निर्गमातला क्रम बघा. बाराव्या अध्यायात वल्हांडण, म्हणजे सुटकेच्या रात्रीचा सण, आणि सुटका. चौदाव्यात समुद्र दुभंगला. सोळाव्यात लोक कुरकुरले, मिसरातल्या मांसाच्या भांड्यांची आठवण काढून रडले, तरी देवानं मान्ना, म्हणजे आकाशातून अन्न, दिला. हे सगळं झाल्यावर सीनाय पर्वत, आणि मग आज्ञा. आधी परीक्षा घेऊन पास झालेल्यांना बाहेर काढलं असं झालेलं नाही. पण हेही तितकंच खरं, की बाहेर काढलं आणि ‘आता जा, करा काय करायचं ते’ असंही म्हटलं नाही.

इंदूरच्या आपल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक असायला हवं होतं. १८७७ साली इथं कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं, १८८७ साली क्रिश्चियन कॉलेज उभं राहिलं. प्रेस्बिटेरियन परंपरेची शिकवण्याची प्रश्नोत्तरी म्हणजे १६४७ची वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरी. एकूण १०७ प्रश्न, आणि त्यातले ४३ आणि ४४ हे दोन अख्खे प्रश्न फक्त या ‘मिसरातून बाहेर आणलं’ वाक्यावर आहेत. त्रेचाळिसावा विचारतो, आज्ञांची प्रस्तावना कोणती. चव्वेचाळिसावा विचारतो, ती काय शिकवते. उत्तराचा भाव असा: तो प्रभू आहे, आपला देव आहे, आपल्याला सोडवणारा आहे, म्हणून त्याच्या आज्ञा पाळायच्या. पुढे वेगवेगळी चर्च एकत्र येऊन १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पिढ्या बदलल्या, प्रश्नोत्तरी कपाटात गेली. पाठांतराची मला फार हौस नाही, पण हे दोन प्रश्न गेले त्याचं वाईट वाटतं.

आता तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळची जागा: अनुवाद, सहावा अध्याय, वीस ते पंचवीस ही वचनं. तिथं मोशे आईबापांना सांगतो की पुढे कधी तुमचा मुलगा विचारेल, या आज्ञा, हे विधी, हे नियम कशासाठी? म्हणजे मुलगा ‘का?’ विचारणार हे गृहीतच धरलंय. त्याला उलट बोलणं म्हटलेलं नाही. आणि बापानं काय उत्तर द्यायचं? ‘मी सांगतो म्हणून’ नाही. ‘देव बघतोय, शिक्षा करील’ हेही नाही. उत्तर गोष्टीनं सुरू होतं: आम्ही मिसरात फारोचे दास होतो, परमेश्वरानं आम्हाला हात देऊन बाहेर काढलं. आणि त्या गोष्टीच्या शेवटी आज्ञा येतात, आपलं निरंतर बरं व्हावं म्हणून.

तुमच्या घरात ही गोष्ट कोण सांगतं? मी फारोची गोष्ट म्हणत नाहीये, ती त्याला येत असेल. तुमची दोघांची. तुम्हाला कशातून बाहेर काढलं, साहेब कशाचे दास होते, कशाचे अजून थोडेसे आहेत. बरीच आईवडील मंडळी मुलांना आज्ञा सांगतात आणि साक्ष मात्र चर्चमध्ये, माइकवर देतात. मुलाला घरात बापाचा फक्त निकाल ऐकू येतो. बापालाही कधी क्षमा लागली होती, हे त्याला माहीतच नसतं.

आता म्हणाल, मग आज्ञांची गरज काय, गोष्टच सांगत राहू. इथं मी साहेबांच्या बाजूनं बोलणार आहे.

पौलाचं इफिसकरांस पत्र सहा अध्यायांचं. पहिल्या तिनात देवानं ख्रिस्तात काय केलं हेच सांगणं आहे. ‘करा’ म्हणून जवळजवळ काहीच नाही, एक ‘आठवण करा’ सोडलं तर. आणि शेवटच्या तिनात आज्ञांची रीघ: खोटं सोडून द्या, चोरी करणाऱ्यानं आता चोरी करू नये, कष्ट करावेत, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा. दहा आज्ञांपेक्षा कितीतरी जास्त. कृपेनं आज्ञा रद्द केल्या असत्या तर पौल पत्र तिसऱ्या अध्यायातच संपवता. यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायात देव नवं हृदय देण्याचं वचन देतो, आपला आत्मा घालण्याचं वचन देतो, आणि कशासाठी? तुम्ही माझ्या नियमांनी चालावं म्हणून. कृपा जिथं पोचवते ते ठिकाण आज्ञेतच लिहिलेलं आहे.

आपल्या शहराचंच बघा ना. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिलं आलं. कचरा टाकाल तर दंड, हा नियम होताच. पण आधी गाडी दारात आली, रोज, वेळेवर, गाणं वाजवत. गाडी येत नसताना ‘ओला-सुका वेगळा करा’ म्हणणं नुसता जाच झाला असता. आणि आज आपली मुलं दुसऱ्या गावी गेली, जिथं कोणी दंड करणार नाही, तरी चॉकलेटचा कागद खिशात ठेवतात. वाढ म्हणतात ती ही. उपमा इथवरच पुरे. महापालिकेच्या गाडीला तारणारा करायचा माझा विचार नाही.

युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळातल्या शिक्षकांनीही क्रम दोन्हींकडून लावून पाहिला. ल्यूथरची १५२९ची लहान प्रश्नोत्तरी दहा आज्ञांनी सुरू होते, कारण आपण आजारी आहोत हे कळल्याशिवाय वैद्याकडे कोण जाणार, असा त्याचा हिशेब. १५६३ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी मात्र दहा आज्ञा शेवटच्या भागात घेते, आणि त्या भागाचा विषय कृतज्ञता. दोन्ही बरोबर आहेत. आज्ञा मला माझं पाप दाखवते, आणि सोडवलेल्या माणसाला चालायची वाटही दाखवते. एक गोष्ट तिला जमत नाही: चालायची ताकद देणं. ती मागायला आपण आज्ञेकडे गेलो की घरात आरडाओरडा सुरू होतो.

ताई, तुमचं ‘सोडून द्या’ मला पटलेलं नाही. एली याजकाची आठवण करा. त्याची मुलं हफनी आणि फिनहास यज्ञाचं मांस लुबाडत होती, आणखी वाईट वागत होती. एली त्यांना बोलला, चांगलं लांबलचक बोलला. पण देव शमुवेलाला सांगतो की त्यानं त्यांना आवरलं नाही. आणि दावीद? त्याचा मुलगा अदोनीया याच्याबद्दल राजांच्या पहिल्या पुस्तकात एक वाक्य आहे, आईबापांनी ते वाचून जरा थांबावं: ‘तू असं का केलंस?’ असं विचारून त्याच्या बापानं त्याला आयुष्यात कधी दुखवलं नव्हतं. त्या पोरानं पुढे बाप जिवंत असतानाच स्वतःला राजा म्हणवून घेतलं. कधीच न दुखवणं ही माया नव्हे. बऱ्याचदा ती आपलीच सोय असते.

पण साहेबांचा अबोला मला त्याहून जास्त सलतो, आणि त्याचीही गोष्ट दावीदाच्याच घरात आहे. दावीदाचा मुलगा अम्नोन यानं सावत्र बहिणीवर, तामारेवर बळजबरी केली. दावीद फार संतापला, असं शास्त्र सांगतं, आणि पुढे काहीच केलं नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ, दावीदाचाच मुलगा अबशालोम यानं अम्नोनला मारलं आणि गशूरला पळाला. तिथं तीन वर्षं. मग सेनापती यवाबाच्या मध्यस्थीनं दावीदानं त्याला परत बोलावलं, पण म्हणाला, त्यानं आपल्या घरी जावं, माझं तोंड पाहू नये. अबशालोम यरुशलेमात दोन वर्षं राहिला आणि बापाचं तोंड त्याला दिसलं नाही. शेवटी भेट मिळावी म्हणून त्यानं यवाबाच्या जवाच्या शेताला आग लावली. तेव्हा कुठं बापानं बोलावलं, मुका घेतला. पुढच्याच अध्यायात त्याच्या बंडाची तयारी सुरू होते.

त्या दोन वर्षांमुळेच बंड झालं असं शास्त्र म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण त्या दोन वर्षांत काय होतं ते बघा: शिक्षा नाही, क्षमाही नाही. न्याय केला असता तर एक दिवस तो पुरा झाला असता. माफ केलं असतं तर ताटाला ताट लागलं असतं. दावीदानं दोन्ही टाळलं. आपल्या मराठी घरांत अबोला ही शिक्षा मानली जाते, आणि मारापेक्षा सभ्य समजली जाते. शिक्षेला शेवट असतो. अबोल्याचा शेवट कधी, हे फक्त मोठ्या माणसाच्या मनाला ठाऊक, आणि पोरगा रोज संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की अंदाज घेत बसतो.

थपडांबद्दल थोडक्यात. नीतिसूत्रांत छडीची वचनं आहेत, आणि ती सुधारणेचं गांभीर्य सांगतात. रागाच्या भरात पंधरा वर्षांच्या मुलाच्या गालावर मारलेली चपराक त्यांत बसत नाही. पौल लिहितो त्या रोमी जगात बापाचा मुलांवर अमर्याद म्हणावा असा अधिकार होता. त्या बापांना तो सांगतो, मुलांना चिरडीस आणू नका, आणि कलस्सैकरांना कारणही देतो: ती खिन्न होतील. आपल्याकडे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं शाळेतली शारीरिक शिक्षा बंद केली. शिक्षकाला जे मना आहे ते ख्रिस्ती बापानं करावं, याला माझ्याकडे काही आधार नाही.

मग करायचं काय? जक्कय या जकातदाराची गोष्ट घ्या, लूक एकोणीस; येशूला पाहायला तो झाडावर चढला होता. पैशाचाच मामला आहे. येशू झाडाखाली थांबतो आणि म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. आधी हिशेब दे, मग जेवायला येतो, असं नाही म्हणत. आणि घरात पाहुणा आल्यावर जक्कय आपणहून उभा राहतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट. कृपेनं पैसे माफ झाले नाहीत. उलट फेड वाढली. पण फेडणारा हात मोकळा होता.

तुमच्या घरी हे साधारण असं दिसेल. पहिल्यांदा साहेबांनी त्याच्याशी बोलायचं, त्याच्या खोलीत जाऊन, तुम्ही मध्ये न पडता. पहिलं वाक्य थपडांबद्दल: ‘मी तुला मारलं, ते चुकलं. आणि इतके दिवस बोललो नाही, तेही.’ पुढे ‘पण तू सुद्धा’ लावायचं नाही. त्या ‘पण’नं माफीचा हिशेब होतो आणि पोरं तो ‘पण’ येण्याआधीच ओळखतात. मग थांबायचं. तो बोलेल किंवा नाही बोलणार. नाही बोलला तर रात्रीचं जेवण एकत्र करायचं, नेहमीसारखं, एवढंच.

पैशांचं बोलणं दुसऱ्या दिवशी. दोन हजार परत यायला हवेत. खिशातल्या पैशांतून महिन्याला किती, कोणत्या महिन्यापर्यंत, हे त्याच्याकडूनच ठरवून घ्या, कागदावर लिहा. तुम्ही गुपचूप भरून टाकायचे नाहीत, ताई. हे तुम्हालाच सांगतेय. आणि फेड संपली की विषय संपला. पुढच्या दिवाळीला पाहुण्यांसमोर ‘आमचे चिरंजीव टेस्ट सिरीज खातात’ अशी गंमत करायची नाही. देव आमची पापं समुद्राच्या तळाशी टाकतो असं मीखा म्हणतो. आपण मात्र गळ घेऊन तिथंच बसतो.

महिनाभर खोटं का बोलला, हेही एकदा विचारा, आणि खरंच ऐका. कोचिंग त्याला झेपतंय का? टेस्टचे मार्क घरी यायला नको होते का? भंवरकुआच्या त्या गर्दीतली कितीतरी मुलं पैशासाठी खोटं बोलत नाहीत, मार्कांसाठी बोलतात. तसं असेल तर तुमच्या घरात एक अकरावी आज्ञा आहे, कोणी लिहिली नाही तरी पाळली जाणारी: नापास होऊ नकोस.

त्यावरून आठवलं. घराचे नियम आणि देवाच्या आज्ञा यांची सरमिसळ थांबवा. खोटं बोलू नको, ही देवाची आज्ञा. रात्री दहानंतर मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, हा तुमचा नियम. चांगला आहे, ठेवा, मोडला तर ठरलेला परिणाम होऊ द्या. पण त्यावर देवाची सही करू नका. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू ज्यांना फटकारतो ते माणसांचे रिवाज देवाच्या आज्ञेच्या जागी बसवत होते. सगळंच देवाच्या नावानं सांगितलं, तर एक दिवस मोबाइलचा नियम अतिरेकी होता हे मुलाला कळतं, आणि त्याच्याबरोबर तो बाकीचंही सोडून देतो. कॉलेजला पुण्या-बंगलोरला गेलेली आणि चर्चचं तोंड न पाहणारी आपली पोरं भेटतात, त्यांच्या तक्रारी ऐका. दहा आज्ञांबद्दल क्वचित असतात.

मानसशास्त्रातही डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात घरांच्या शिस्तीचे प्रकार मांडले; माया आणि ठाम नियम दोन्ही असलेल्या घरांबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. ते वाचून आपल्याकडे काहीजण म्हणतात, बघा, हेच कृपा आणि आज्ञा. नाही हो. समतोल पालकत्व चांगलंच, पण ते देवावर विश्वास नसलेल्या घरातही जमतं. कृपा म्हणजे शिस्तीत कालवलेला थोडा मऊपणा नव्हे. ख्रिस्तानं माझ्यासाठी प्राण दिला आणि देवानं मला आपलं लेकरू म्हटलं, ते मी काही पाळायला लागण्याआधी, ही ती बातमी आहे. घर कितीही नीट चाललं तरी ती बातमी वेगळी सांगावी लागते.

आता पोराचं ते वाक्य, ‘येशू माफ करतोच’. ऐकून तुम्ही दचकलात. मी थोडी खूशही झाले, कारण निदान अर्धं तरी त्याच्या कानात पडलंय. त्याच्याशी त्यावर वाद घालू नका, तो जिंकेल. काही दिवसांनी, फेड सुरू झाल्यावर, तीताला पत्र, दुसरा अध्याय, अकरा-बारा वचनं बरोबर बसून वाचा: देवाची कृपा प्रकट झाली आहे आणि ती आपल्याला अभक्तीला नाकारायला शिकवते. कृपा स्वतःच शिक्षिका आहे तिथं. त्याला विचारा, गेल्या महिन्यात ती तुला काय शिकवत होती, ज्या दिवशी तू ‘भरले’ म्हणालास त्या दिवशी? उत्तर लगेच नकोच. आणि साहेबांनाही तोच प्रश्न असू द्या, त्यांच्या ऑफिसबद्दल. मुलासमोर त्यांनी आधी उत्तर दिलं तर उत्तम.

राहिलं दृढीकरण. शिक्षा म्हणून ते थांबवू नका. तो चांगलं वागल्याचा दाखला नाही, आणि प्रभूच्या मेजावर कोण येणार याचा निर्णय बापाच्या रागावर सोपवलेला नाही. पाळकसाहेब आहेत, त्यांच्याशी बोला. पण मुलालाही विचारा, तुला घ्यायचंय का? आपल्याकडे दहावीचं वर्ष, नातेवाइकांचे फोन, सूट शिवायला टाकलेला, अशा रेट्यात हा प्रश्न कोणी विचारतच नाही. तो ‘हो’ म्हणाला तर वर्गाला जाऊ द्या. आज्ञांचा धडा येईल तेव्हा दोन हजार रुपये त्याला आपोआप आठवतील, तुम्ही आठवण करून द्यायची नाही. ‘अजून नको’ म्हणाला तर पुढच्या वर्षापर्यंत थांबा, आणि विचारणाऱ्या नातेवाइकांना सांगा की त्यानं स्वतः वेळ मागितलाय. सूट पुढच्या वर्षी आखूड होईल, तेवढं चालवून घ्या.